दुसऱ्यांदा रेसिडेंट

आमच्या वयाच्या मराठी डॉक्टरांना अमेरिकेत कधी विचारून बघा, तुम्ही कशाचे डॉक्टर? एक उत्तर मिळेल. मग विचारा, आणि भारतात कशाचे होतात? बरेचदा दुसरंच उत्तर येतं. न्यू जर्सीत आमच्या गणपतीला जमणाऱ्या मंडळींत नागपूरहून एमएस होऊन आलेले एक सर्जन आहेत, त्यांनी इथे जन्मभर पॅथॉलॉजी केली. पुण्याचे एक हाडांचे डॉक्टर इथे मनोविकारतज्ज्ञ झाले. मी स्वतः मुंबईत प्रसूती आणि स्त्रीरोगात एमडी केलं, परळच्या वॉर्डांत रात्री जागवल्या, आणि इथे निवृत्त होईपर्यंत भूल दिली.

हल्लीची मुलं शाखा बदलतात तेव्हा ‘मन रमलं नाही’ म्हणतात. रमत नसेलही, मी कोण नाही म्हणणार! पण या प्रथेचा इतिहास पाहिला तर शाखा बदलायची वाट कुणाच्या मनामुळे उघडली किंवा मिटली, असं क्वचितच दिसतं. रुग्णालयांना माणसं कमी पडली तेव्हा ती उघडली, आणि पैसे मोजायची वेळ आली तेव्हा ती अरुंद झाली.

सुरुवात करावी लागते ती बाल्टिमोरपासून. १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. मेडिसिनला विल्यम ऑस्लर, सर्जरीला विल्यम हॉल्स्टेड. दोघांनी जर्मन रुग्णालयांची पद्धत उचलली आणि रेसिडेन्सी नावाची गोष्ट अमेरिकेत रुजवली. शिकाऊ डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचं, लग्न करायचं नाही, किती वर्षांनी सुटका होईल हे विचारायचं नाही. हॉल्स्टेडची रचना वर निमुळती होत जाणारी होती. खाली बरेच जण, दर टप्प्याला काही गळायचे, माथ्यावर एकच हाऊस सर्जन. १९२२ साली हॉल्स्टेड वारला तोवर तेहेतीस वर्षांत त्याच्या हाताखालून असे मुख्य रेसिडेंट सतराच बाहेर पडले. हा गृहस्थ स्वतः कोकेनच्या प्रयोगांत व्यसनी झाला होता आणि पुढे मॉर्फिनवर राहिला, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. शिकणाऱ्याने चोवीस तास रुग्णालयाला वाहून घ्यावं हा नियम अशा माणसाने घालून दिला आणि पुढच्या शंभर वर्षांत कुणी त्याला फारसं हटकलं नाही, याची मला गंमत वाटते, रागही येतो.

त्या काळी शाखा बदलणं किती सोपं होतं पाहा. १८९७ साली हॉल्स्टेडने ह्यू यंग या तरुण सर्जनला सांगितलं, मूत्रविकारांचा विभाग तू सांभाळ. यंग म्हणाला, मला त्यातलं काहीच येत नाही. हॉल्स्टेडचं उत्तर साधारण असं होतं की ते आम्हालाही माहीत आहे, पण तू शिकशील. झालं. यंग अमेरिकेतल्या युरॉलॉजीचा जनक मानला गेला. ना अर्ज, ना मुलाखत, ना पुन्हा रेसिडेन्सी. तेव्हा शाखेला कुंपणच नव्हतं.

कुंपण घातलं बोर्डांनी. पहिलं बोर्ड डोळ्यांच्या डॉक्टरांचं, १९१६ सालचं. मग एकेका शाखेने आपापलं बोर्ड काढलं आणि १९३३ साली सगळ्यांची मिळून एक शिखर संस्था झाली. अमुक वर्षं अमुक ठिकाणी शिकलात तरच परीक्षेला बसता येईल, असा दंडक पडला. दुसरी रेसिडेन्सी ही गोष्ट इथे जन्माला आली, कारण आता एका शाखेतून उठून दुसरीत जायचं तर पुन्हा खालच्या पायरीवर बसावं लागणार होतं.

त्या पायरीवर बसलेल्यांत मला सगळ्यांत जवळची वाटते व्हर्जिनिया अ‍ॅपगार. बाई आमच्या न्यू जर्सीतल्या, वेस्टफील्डच्या. १९०९ चा जन्म. मुंबईत मी बाळंतपणं करायची तेव्हा प्रत्येक बाळाचा ‘अ‍ॅपगार’ लिहायची: नाडीचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चिमटा काढल्यावर दिलेला प्रतिसाद आणि कातडीचा रंग, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. जन्मानंतर एका मिनिटाला मोजायचं. पण अ‍ॅपगार हे एका बाईचं आडनाव आहे, आणि ती बाई मुळात सर्जरी शिकलेली होती, हे मला इकडे आल्यावर कळलं.

१९३३ साली ती कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाली. मंदीचे दिवस, डोक्यावर कर्ज. सर्जरीची इंटर्नशिप तिने मिळवली आणि उत्तम केली. पण विभागप्रमुख अ‍ॅलन व्हिपल याने तिला सर्जरीतून वळवलं. त्याने आधी शिकवलेल्या स्त्री सर्जनना व्यवसायात पोट भरणं कठीण गेलं होतं, हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या सोयीचं होतं: भूल बहुतेक ठिकाणी नर्स देत, आणि भूल सुधारल्याशिवाय सर्जरी पुढे सरकणार नाही हे त्याला दिसत होतं. एका हुशार मुलीला भूलशास्त्रात धाडलं की त्याचे दोन्ही प्रश्न सुटत होते. अ‍ॅपगार मग आधी नर्सबरोबर भूल शिकली, नंतर मॅडिसनला राल्फ वॉटर्सकडे गेली. विद्यापीठात भूलशास्त्राची पद्धतशीर रेसिडेन्सी त्यानेच १९२७ साली सुरू केली होती. तिथे बायकांसाठी राहायची सोयच नव्हती, जागा बदलत दिवस काढले तिने. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात शिकून १९३८ साली ती कोलंबियात भूल उपविभागाची प्रमुख म्हणून परतली. १९४९ साली तिथल्या मेडिकल कॉलेजातली पहिली स्त्री पूर्ण प्राध्यापक झाली. मात्र त्याच सुमारास भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तेव्हा प्रमुखपद दिलं गेलं एका पुरुषाला. मग ती प्रसूतीच्या भुलीकडे वळली. कॅफेटेरियात एका विद्यार्थ्याने विचारलं, नवजात बाळाची तब्येत झटकन कशी जोखायची? हाताशी होता त्या कागदावर तिने पाच मुद्दे लिहून दिले, असं सांगतात. १९५३ साली तो निबंध छापून आला. पन्नाशीला आल्यावर ती पुन्हा विद्यार्थिनी झाली, हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि जन्मजात व्यंगांच्या कामाला लागली. १९७४ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. मी तेव्हा शेजारच्याच गावात भूल शिकत होते.

अ‍ॅपगारचं चरित्र सांगताना ‘तिला तिची खरी वाट सापडली’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. सर्जरीत तिला जागा मिळू दिली नाही आणि भुलीत जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेत तिने जे केलं ते तिचं.

दुसऱ्या महायुद्धाने या सगळ्याचा आकार बदलला. सैन्यात बोर्डाचा दाखला असलेल्या डॉक्टरला वरचा हुद्दा आणि जास्त पगार मिळे. साध्या डॉक्टरांनी ते चार वर्षं पाहिलं. परत आल्यावर सरकारने सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, त्यात रेसिडेन्सीही बसली. गावात दवाखाना चालवणारे जनरल प्रॅक्टिशनर झुंडीने सर्जरी, मेडिसिन, रेडिओलॉजी शिकायला गेले. शाखा बदलायची अमेरिकेतली ही पहिली मोठी लाट. युद्धाआधी देशभर रेसिडेन्सीच्या जागा पाच हजारांच्या आसपास होत्या, १९५५ च्या सुमारास त्या पंचवीस हजारांच्या वर गेल्या.

पण तेवढे डॉक्टर देशाच्या कॉलेजांतून निघत नव्हते. इंटर्न मिळवायला रुग्णालयांची इतकी ओढाताण चाले की विद्यार्थ्याला तार करून काही तासांत होय-नाही कळव म्हणत. म्हणून १९५२ साली ‘मॅच’ आलं: विद्यार्थ्याने आपली पसंती लिहायची, रुग्णालयाने आपली, आणि यंत्राने जोडी लावायची. आपल्याकडच्या पत्रिका जुळवण्याचाच प्रकार, फक्त गुण दोन्हीकडून दिलेले. जोड्या लावल्या तरी जागा उरायच्याच. त्या भरायच्या कुणी? परदेशी डॉक्टरांनी. त्यांची लायकी तपासायला १९५६ साली ‘ईसीएफएमजी’ ही संस्था निघाली, १९५८ साली तिची पहिली परीक्षा झाली. १९६५ साली इमिग्रेशनचा नवा कायदा आला, देशागणिक कोट्याची जुनी भिंत पडली, आणि मुंबई, पुणे, नागपूर, मिरजेच्या वसतिगृहांत ‘ईसी’ची पुस्तकं फिरू लागली. भारत सरकारला हे रुचलं नव्हतं. परीक्षा देशात घ्यायला बंदी होती. आम्ही कोलंबोला जाऊन ती दिली. पुढे देश सोडताना हातात आठ डॉलर मिळायचे, ते प्रकरण एव्हाना सगळ्यांना पाठ आहे.

१९७२ साली मी नवऱ्याच्या मागोमाग आले. ते इंजिनिअर, त्यांची नोकरी ठरलेली. माझ्याजवळ एमडीचं प्रमाणपत्र, सोनोग्राफीशिवाय नुसत्या हाताने बाळाची आडवी-उभी ओळखायची सवय, आणि कात्रीत सापडलेली शाखा. एका रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात मुलाखत झाली. प्रमुख सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, डॉक्टर, तुमची मुंबईची वर्षं आमच्या बोर्डापुढे मोजता येत नाहीत; पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि या वर्षी जागा नाही. पुढच्या वर्षी? तेही सांगता येत नाही. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला भूल विभाग होता. तिथल्या प्रमुखांनी विचारलं, एक जुलैपासून येता का? इंटर्नशिप आधी करावी लागेल एवढंच.

आईला पत्रात कळवलं. तिचं उलट टपाली उत्तर आलं: अगं, एवढी डॉक्टरीण झालीस, आता परत परीक्षा? सासूबाईंनी मात्र विचारलं, पगार देतात ना? देतात म्हटल्यावर विषय मिटला.

त्या काळात भूल, पॅथॉलॉजी, मनोविकार आणि फिजिकल मेडिसिन या शाखा अमेरिकन मुलांच्या यादीत तळाशी असत. म्हणूनच तिथे आम्ही दिसायचो. आमच्या विभागात रेसिडेंट होते ते भारत, फिलिपिन्स, कोरिया आणि इराणचे. गोरा मुलगा दिसला की आम्ही समजायचो, हा सर्जरीचा, रस्ता चुकलाय. सर्जरीत परदेशी डॉक्टर घ्यायचे, नाही असं नाही. पण हॉल्स्टेडचा तो निमुळता मनोरा बऱ्याच ठिकाणी अजून उभा होता. पहिल्या वर्षाला आठ-दहा जण घ्यायचे, राबवून घ्यायचे आणि तिसऱ्या वर्षाला चौघांनाच पुढे न्यायचं. गळणाऱ्यांत आमचे लोक असणार हे न सांगता कळायचं. नागपूरचे ते सर्जन असेच गळले. भारतात त्यांनी फुटलेली अपेंडिक्स आणि अडकलेले हर्निया रात्ररात्र केले होते. इथे दोन वर्षं रिट्रॅक्टर धरून झाल्यावर त्यांना सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी करार नाही. घरात दोन लहान मुलं. पॅथॉलॉजीला जागा होती, ते गेले. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहताना ती काढायची कशी हे त्यांना दिसायचं, म्हणून सर्जन मंडळी त्यांनाच फोन करायची. ते हे हसत सांगतात. वहिनी हसत नाहीत.

दुसऱ्यांदा रेसिडेंट होण्यात नेमकं काय होतं, ते बाहेरून कळत नाही. ज्ञान कमी पडत नाही, अधिकार जातो. मुंबईत सीझर करायचं की नाही हे मी ठरवायची. इथे टेबलाच्या डोक्याकडे बसून दुसरा ते ठरवेपर्यंत वाट पाहायची. पहिल्या आठवड्यात माझ्या कानात मेणासारखं काहीतरी भरून साचा घेतला आणि त्यावरून माझ्या एकटीच्या मापाचं कर्णफूल, म्हणजे इअरपीस, करून दिलं. त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला रुग्णाच्या छातीवर चिकटवलेली जड चकती. एका कानात अखंड रुग्णाचं हृदय आणि श्वास, दुसऱ्या कानात सर्जनची बोलणी. पल्स ऑक्सिमीटर नव्हता, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र नव्हतं. एक हात पिशवीवर, दुसऱ्याची बोटं नाडीवर, डोळे जखमेतल्या रक्ताच्या रंगावर. रक्त काळपट दिसायला लागलं तर आधी ऑक्सिजनची नळी तपासायची, मग तोंड उघडायचं. ऑक्सिमीटर ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आला आणि १९८६ साली भूलतज्ज्ञांच्या संघटनेने किमान देखरेखीचे नियम घालून दिले, तोवर तो साचातला तुकडा हेच आमचं यंत्र. माझा अजून आहे, पिवळा पडलाय.

प्रसूतीचं ज्ञान वाया गेलं का? अजिबात नाही. आडवं आलेलं बाळ, फाटायच्या बेतातलं गर्भाशय, झटक्यांची बाई. ऑब्स्टेट्रिशियनने सांगायच्या आधी माझी तयारी झालेली असायची. दोन शाखा शिकलेला डॉक्टर दोन्ही बाजूंनी पाहतो. हे प्रोग्राम डायरेक्टरांना ठाऊक असतं, पण त्यांच्या हिशेबाच्या कागदावर त्याला रकाना नसतो.

आमच्यामागे दार लवकरच मिटलं. १९७६ साली अमेरिकन संसदेने कायदा करून टाकला की देशात आता डॉक्टरांची टंचाई नाही. १९७७ पासून परदेशी डॉक्टरांसाठी व्हिसाची वेगळी, अवघड परीक्षा आली.

मधल्या काळात शाखा बदलायची एक मागची वाटही होती, आपत्कालीन चिकित्सेची. १९६१ साली व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात जेम्स मिल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपापले दवाखाने बंद करून रुग्णालयाची इमर्जन्सी पूर्णवेळ चालवायला घेतली. १९७० साली सिनसिनाटीत पहिली रेसिडेन्सी निघाली, तिचा पहिला रेसिडेंट एकटाच होता. १९७९ साली बोर्डाला मान्यता मिळाली आणि नऊ वर्षं अशी मुभा ठेवली की पुरेसे तास इमर्जन्सीत काम केलेल्याने रेसिडेन्सीशिवाय परीक्षेला बसावं. बाहेर पडलेले सर्जन, कंटाळलेले फिजिशियन, आमच्यातलेही काही जण त्या वाटेने बोर्डाचे झाले. १९८८ साली ती मुभा संपली. मागे राहिलेल्यांनी कोर्टात दावा लावला, तो पंधरा वर्षं चालला आणि ते हरले.

आणि मग आला पैशाचा नियम. १९६५ साली कायदा होऊन आलेल्या वृद्धांच्या विम्यातून, मेडिकेअरमधून, रुग्णालयांना रेसिडेंट शिकवण्याचा खर्च मिळे. कोण किती वर्षं शिकतो हे कुणी बघत नव्हतं. १९८६ साली मंजूर झालेल्या कायद्याने ते बघायला सुरुवात केली. आजचा नियम असा: तुम्ही ज्या शाखेत पहिलं पाऊल टाकता, तिच्या बोर्डाला किमान जेवढी वर्षं लागतात तेवढी वर्षं, तीही जास्तीत जास्त पाच, तुम्ही पूर्ण मोजले जाता. त्यानंतर अर्धे. मेडिसिनची तीन वर्षं संपवून त्वचारोगात गेलात तर नव्या रुग्णालयासाठी तुम्ही अर्धे रेसिडेंट. सर्जरीत पाच वर्षं मोजतात, म्हणून दोन वर्षांनी सर्जरी सोडून भुलीकडे वळलात तर तीन वर्षं पूर्ण पैशांची शिल्लक असतात. म्हणजे पंचविशीतल्या मुलाने भरलेला पहिला पसंतीक्रम त्याच्या नावापुढे कायमचा लिहिला जातो. त्यात १९९७ च्या कायद्याने प्रत्येक रुग्णालयाच्या अनुदानित जागा १९९६ च्या आकड्यावर गोठवल्या. जागाच मोजक्या, मग अर्ध्या पैशाचा उमेदवार कशाला, असं म्हणायला निमित्त मिळालं.

हे निमित्तच, असं माझं मत आहे. अर्धी होते ती थेट शिक्षणखर्चाची रक्कम. शिकवणाऱ्या रुग्णालयांना रुग्णांच्या बिलांवर जी अप्रत्यक्ष वाढ मिळते, आणि ती बहुधा मोठी असते, तिला या नियमाचा धक्का लागत नाही. ज्या रुग्णालयाच्या जागा मर्यादेच्या वर आहेत ते तर तसंही पदरचेच पैसे घालतं. पण मुलाखतीत ‘तुमचं फंडिंग नाही’ म्हटलं की मुलं मान खाली घालून उठतात.

भुलीचंच पुढे काय झालं तेही ऐका. नव्वदीच्या मध्यात बातमी पसरली की भूलतज्ज्ञांना आता नोकऱ्या नाहीत. १९९६ च्या मॅचमध्ये अमेरिकन मुलांनी या शाखेकडे पाठ फिरवली. जागा रिकाम्या पडल्या आणि पुन्हा परदेशी डॉक्टरांना बोलावणी गेली. काही वर्षांनी टंचाई झाली, पगार वाढले, आणि तीच शाखा चढाओढीची झाली. आमच्या वेळी जे विभागप्रमुख रेसिडेंट शोधत कॉरिडॉरमध्ये यायचे, त्यांच्या खुर्चीतले लोक आता अर्जांच्या गठ्ठ्यातून गुण पाहून निवडतात.

शाखा बदलायचा विचार करणाऱ्या मुलामुलींना, आणि त्यांच्या काळजीने मला फोन करणाऱ्या आईवडिलांना, एवढंच सांगते: राजीनामा लिहायच्या आधी रेसिडेन्सीच्या ऑफिसातून आपली किती पूर्ण वर्षं शिल्लक आहेत ते लेखी मागून घ्या. मुलाखतीला तो कागद बरोबर न्या, कोणती रक्कम अर्धी होते आणि कोणती होत नाही हे स्वतः समजावून सांगा, आणि सध्याच्या डायरेक्टरचं शिफारसपत्र हातात आल्याशिवाय आहे ती जागा सोडू नका.